नाव नसलेली कोळीण

मित्रांनो, मी एक म्हातारी कोळीण आहे. मासे धरणारी नव्हे. आठ पायांची, तपकिरी, केसाळ. मंठ्याजवळच्या एका टेकडीच्या पोटात काळ्या खडकाची गुहा आहे, तिथे मी जन्मले. जालना तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. गुहेतल्या झऱ्यावर येणाऱ्या बायका तेच बोलायच्या. आम्हाला कान नसतात. पायांवरच्या केसांना हवेची थरथर कळते, आणि त्यातूनच मला माणसांचं बोलणं उमगू लागलं.

आमच्यातले नर लवकर मरतात, माद्या मात्र वीस-पंचवीस वर्षं जगतात. आम्ही मोठी जाळी विणत नाही. भेगेला रेशमाचं अस्तर लावून राहतो आणि दारावरून जाणारा रातकिडा पकडतो. रातकिडे वटवाघळांच्या लेंड्यांवर वाढतात. म्हणजे वटवाघळं होती, म्हणून आमचं पोट भरत होतं. त्या भिंतीवर आमची भरलेली वस्ती होती. शेजारणीने पाय आपटला तरी मला कळायचं.

गुहेला लागून कडूबाचं शेत होतं. एका वर्षी त्याला कडबा ठेवायला जागा हवी होती. त्याने गुहा झाडली, धूर करून वटवाघळं हाकलली आणि कडब्याला वाळवी लागू नये म्हणून भिंतींवर, भेगांत पांढरी पावडर मारली.

मी तेव्हा कात टाकत होते. त्या काळात आम्ही भेगेचं तोंड रेशमाने घट्ट बंद करून घेतो. म्हणून मी वाचले. बऱ्याच दिवसांनी दार फाडून बाहेर आले, तर शेजारणी खाली पडलेल्या, पाय पोटाशी आवळून. मी भिंतीवर पाय आपटला. पुन्हा आपटला. कुठूनच उत्तर आलं नाही.

गुहेतल्या ओलीने कडबा बुरसला, तेव्हा कडूबाने तो काढून नेला. वटवाघळं हळूहळू परतली, रातकिडेही आले. गावात नळ आल्यावर बायका मात्र यायच्या थांबल्या. पूर्वी पावसाळा सरला की नर दारावर टकटक करत यायचे. आता पावसाळा नुसताच सरायचा.

अशी कित्येक वर्षं गेली. मग जालन्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या उमा मॅडम वटवाघळं बघायला आल्या. वाट दाखवायला कडूबा होता. त्याचे केस आता पिकले होते. बॅटरीचा उजेड माझ्यावर पडला.

"अहो, थांबा! असा कोळी मी कुठल्याच पुस्तकात पाहिला नाही."

त्यांनी पिशवीतून स्पिरिटची बाटली काढली. "हिला यात घालून तज्ज्ञांकडे पाठवलं, तर हिच्या जातीला नाव मिळेल. नाव मिळालं की हिला वाचवा असं सरकारला सांगता येतं."

"मंग टाका की."

"टाकली तर ही मरेल. आणि इथे दुसरी दिसत नाही. आधी दुसरी शोधू."

हिवाळाभर दोघं आसपासच्या कपारी धुंडाळत हिंडली. उन्हं तापायला लागल्यावर परत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"एकबी न्हाई घावली," कडूबा म्हणाला. "मीच पावडर मारल्ती, मॅडम. वाळवीसाठी. हे असं कुणी इथं ऱ्हातंय, बिलकुल ठाऊक न्हवतं मला." त्याने पुढे विचारलं, "पर मंग हिला एकटीला राखून काय फायदा?"

उमा मॅडमच्या हातात तीच स्पिरिटची बाटली होती.

"फायदा काही नाही," त्या म्हणाल्या. "पण ती आहे."

बाटली तशीच पिशवीत परत गेली.

दुसऱ्या दिवशी कडूबाने गुहेच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं, वटवाघळांपुरती वरची जागा सोडून. अजूनही तो कधीमधी येतो आणि कुंपणाबाहेर बसून राहतो. त्याची पावलं मला खडकातून ओळखू येतात. या गुहेत ओळखीचं असं तेवढंच उरलं आहे.

मी गेले की आमची जात संपेल, आणि काय संपलं हे सांगायला नावही नसेल. मित्रांनो, तुमच्या गावाजवळही एखादी गुहा, एखादी अंधारी कपार असेल. तिथे कडबा ठेवायचा असो की देव बसवायचा असो, आधी भिंतीजवळ जरा थांबून नीट बघा. माझ्या शेजारणींना कुणी बघितलंच नव्हतं.