घंटासूर आणि माझी डावी खुंटी

मित्रांनो, मी एक जुना, काळा, डावीकडे सरकणारा रिमोट आहे. टीव्हीचा नव्हे, गेमचा. माझ्या खोक्यावर कंट्रोलर असं भारदस्त नाव छापलेलं होतं, पण अकोल्याजवळच्या पातुरात त्या नावाने मला एकाही माणसाने हाक मारली नाही. इथे हातात धरून बटण दाबता आलं की ती वस्तू रिमोटच. आता मलाही तेच बरं वाटतं.

एक आधीच सांगून ठेवतो. मला स्वस्थ बसणं जमत नाही. टेबलावर नुसतं ठेवलं तरी माझ्या पोटात काहीतरी चाललेलं असतं, आणि पडद्यावरचा माणूस कुणी न सांगता डावीकडे निघतो. असं का होतं, ते पुढे येईलच. ते सांगायला मी गेली चार वर्षं तडफडतोय, पण मला तोंड नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पट्ट्यावरून सरकत जाणाऱ्या शेकडो भावंडांतला मी एक. माझ्या अंगावर अंगठ्याने फिरवायच्या दोन खुंट्या बसवल्या गेल्या. डावी फिरवली की खेळातला माणूस चालतो, उजवी फिरवली की त्याची नजर वळते. मग जहाज, मग ट्रक, मग अकोल्याचं एक दुकान. तिथून गजेंद्रभाऊंनी मला पातूरला आणलं. बसस्टँडच्या मागे त्यांचं गेम पार्लर होतं. चार टीव्ही, आठ खुर्च्या आणि पाण्यापेक्षा आवाज जास्त फेकणारा एक कूलर. मी चौथ्या टीव्हीचा रिमोट झालो.

काय दिवस होते हो ते! शाळा सुटली की पोरं धावतच यायची. चिवड्याचे तेलकट हात, पेरूच्या फोडीचं मीठ, भीतीने सुटलेला घाम, सगळं माझ्या अंगावर. चार नंबरचा रिमोट लकी आहे अशी माझी ख्याती झाली होती आणि माझ्यासाठी भांडणं लागायची. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

त्या खेळात शेवटी एक राक्षस येई. त्याचं खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं. तो साखळीला बांधलेली भलीमोठी घंटा गरगर फिरवायचा, म्हणून पोरांनी त्याचं बारसं करून टाकलं, घंटासूर. त्याला मारणं कठीण होतंच, पण गजेंद्रभाऊंनी वरून आणखी एक मेख मारून ठेवली होती. भिंतीवर त्यांनी ऑइल पेंटने एक रिकामी चौकट काढली आणि जाहीर केलं की घंटासुराचा एकही फटका न खाता जो त्याला मारेल, त्याचं नाव या चौकटीत. एकही म्हणजे एकही नाही. ओरखडासुद्धा चालणार नाही.

तीन वर्षं ती चौकट रिकामी होती. सगळ्यात जवळ पोचला तो शुभम. पातूरजवळच्या एका गावात त्याच्या वडिलांचा, ओमप्रकाशभाऊंचा लिंबांचा बगीचा आहे. गडी डावखुरा, अंगठा असा चपळ की मला गुदगुल्या व्हायच्या. एके दिवशी घंटासुराचा जीव केसाएवढा उरला. सगळं पार्लर त्याच्या खुर्चीमागे उभं होतं. एक वार करून मागे व्हायचं, एवढंच बाकी होतं. शुभमने लागोपाठ दोन केले. दुसरा वार हवेत असतानाच घंटा फिरली आणि त्याच्या टाळक्यात बसली.

शुभमने मला उचलून फरशीवर आपटलं.

कुणाला काही दिसलं नाही. अंगावर चीरसुद्धा पडली नाही. पण आत माझ्या डाव्या खुंटीचं काहीतरी सटकलं, आणि त्या दिवसापासून मी डावीकडे सरकू लागलो. पोरं वैतागली. लकी रिमोटचा बेकार रिमोट व्हायला आठवडासुद्धा लागला नाही. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि पार्लरच बसलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. जुनी गेमची पेटी आणि मी, आम्हाला शुभम घरी घेऊन गेला खरा, पण एका पिशवीत घालून कपाटावर टाकून दिलं. तिथे आम्ही तीन वर्षं धूळ खात होतो. मला हलायची इतकी सवय आणि नशिबी आली पिशवी! घरातला प्रत्येक आवाज मी कान देऊन ऐकायचो.

असंच या मार्चमध्ये एके दिवशी घरात पळापळ ऐकू आली. शुभमच्या डाव्या अंगठ्यात लिंबाचा काटा गेला होता. लिंबाच्या झाडाला काटे असतातच आणि त्या घरात काटा लागणं म्हणजे काही बातमी नव्हे. पण हा काटा अंगठ्याच्या पेरात मोडून बसला होता. तोडणीचे दिवस होते, रोज सकाळी अकोल्याच्या मंडईला गाडी जायची. शुभमने हळद लावली, चिंधी गुंडाळली आणि कुणाला न सांगता चार दिवस तसंच काम केलं. पाचव्या दिवशी अंगठा वांग्याएवढा सुजला, तेव्हा कुठे ओमप्रकाशभाऊंनी त्याला मोटरसायकलवर घालून अकोल्याला नेलं. काटा कसा लागला असं विचारलं तर म्हणाला, वाऱ्याने फांदी हलली.

डॉक्टरांनी चिरून काटा काढला. टाके निघाले तेव्हा त्यांनी बजावून सांगितलं की आता रोज अंगठा दुमडायचा, दुखला तरी दुमडायचा. चाळीस दिवसांनी पाहू. तोवर सांधा मोकळा झाला तर झाला, नाहीतर जन्मभर असाच काठीसारखा राहील.

शुभम काही अंगठा दुमडेना. दुखायचं ना! पट्टी सुटली तरी हात छातीशी धरून घरभर येरझाऱ्या घालायचा. बगीच्यात जाऊन उभा राहायचा, कात्री उचलायचा, ती हातातून निसटली की परत यायचा. जेवणात लक्ष नाही, कुणाशी धड बोलणं नाही. व्यायामाचं नाव काढलं की अंगावर यायचा. हे सगळं मला पिशवीत घरच्यांच्या बोलण्यातून कळत होतं. असे दहा दिवस वाया गेले.

त्याची धाकटी बहीण हर्षा अकोल्याला नर्सिंग शिकते. ती सुट्टीला घरी आली, भावाचा अंगठा पाहिला आणि तिचा आवाजच उतरला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिने कपाटावरून पिशवी काढली. मित्रांनो, तीन वर्षांनी मला उजेड दिसला! तिने ओल्या फडक्याने माझी मानगूट पुसली आणि मला भावाच्या मांडीवर ठेवलं.

"भाऊ, तुले व्यायाम नाई करायचा ना? नको करू. घंटासुराले मारून दाखव. फटका न खाता."

"हा रिमोट सरकते," शुभम म्हणाला. "आन् माहा अंगठा वाकत नाई. दोघं बी बेकार."

पण मला खाली ठेवलं मात्र नाही.

मग रोज दुपारी, बाहेर ऊन नुसतं भाजून काढत असताना, आमची लढाई सुरू झाली. घंटासुराचे तीन वार असतात. पहिला खालून, झाडू मारल्यासारखा. दुसऱ्याला तो घंटा वर उचलतो आणि लबाड तिथेच थांबतो. घाबरून आधी हललात की मेलात. तिसऱ्याला घंटा जमिनीवर आदळते आणि आवाजाची लाट येते, तिच्यावरून उडी मारायची. मग घंटा मातीत रुतते आणि तेवढ्यात तुम्हाला वार करायला मिळतो. हर्षा शेजारी बसून मोठ्याने मोजायची, एक, दोन, थांब, तीन. फटका बसला की एक डागी लिंबू टोपल्यात टाकायची आणि डाव पुन्हा पहिल्यापासून. आठवडाभरात टोपलं भरलं. त्यांची आई, माणिकबाई, हसत नाहीत फारशा, पण त्या लिंबांचं त्यांनी लोणचं घातलं आणि बरणीला घंटासुराची बरणी म्हणू लागल्या.

आता माझी गंमत ऐका. खुंटी डावीकडे ओढायला डावा अंगठा दुमडावा लागतो, आणि शुभमचा तोच दुमडत नव्हता. पण डावीकडे तर मी आपला आपणच जात होतो! पहिले काही दिवस तो माझ्यावर चिडायचा, मला उजवीकडे ढकलायचा आणि मार खायचा. मग एकदा दमून त्याने मला जाऊ दिलं. खेळातला माणूस डावीकडून घंटासुराला वळसा घालू लागला आणि घंटा उजव्या बाजूने सणसणत निघून गेली. शुभम आणि हर्षाने एकमेकांकडे पाहिलं. घंटासूर डावखुरा होता. त्याच्या समोरून डावीकडे, म्हणजे त्याच्या रिकाम्या उजव्या हाताकडे राहिलं की घंटेला लांबून यावं लागायचं.

पण माझं सरकणं मंद. पहिल्या वाराला ते पुरायचं, दुसऱ्याला नाही. उरलेलं अंतर शुभमलाच अंगठा दुमडून काटावं लागायचं. तो दात ओठ खाऊन दुमडायचा. डोळ्यांतून पाणी यायचं, ते माझ्यावर पडायचं. मला वाटायचं, अजून थोडा जोरात सरकलो असतो तर! रोज गव्हाच्या दाण्याएवढा अंगठा जास्त वाकू लागला.

तरी घंटासूर काही मरेना. जीव केसाएवढा उरायचा, शुभम दोन वार करायचा आणि मार खायचा. पुन्हा तेच, पुन्हा तेच. चार वर्षांत काहीच बदललं नव्हतं. अडतिसाव्या दिवशी त्याने हात उगारला. आता हा मला आपटणार, म्हणून मी डोळे मिटले असते, असते तर.

माणिकबाई कोपऱ्यात लिंबं निवडत होत्या. टीव्हीकडे त्या कधी धड पाहत नसत. मान वर न करता म्हणाल्या, "तू मूठ भरून काढून राहिला."

"काय?"

"एक लिंबू तोडलं का हात काढाचा. तू तीन धरते आन् मंग काढते. भरली मूठ मोठी होते, काट्यात अडकते. हात आत जाताना काटा लागत नाई, निघताना लागते." मग त्या थांबल्या. "त्या दिवशी बी वारा नव्हता, बाप्पा. गाडीवाला हॉर्न वाजवत होता ना?"

शुभमचा उगारलेला हात हळूच खाली आला.  मग त्याने एकदाच मान हलवली. हो, गाडी थांबली होती. हो, तीन लिंबं एका मुठीत होती. त्याने ते बहिणीला सांगितलं नव्हतं, बापाला नाही, डॉक्टरलाही नाही. आईला मात्र वाऱ्याची गोष्ट ऐकली तेव्हापासूनच ते ठाऊक होतं.

चाळिसावा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याला जायचं होतं. दुपारी हर्षाने टोपलं रिकामं करून ठेवलं, मोबाइल उभा केला आणि आम्ही बसलो. मित्रांनो, माझं अंग गरम झालं होतं. त्या दिवशी शुभमने एकदाही दुसरा वार केला नाही. घंटा रुतली की एक वार आणि मागे. संधी दिसत होती, हात शिवशिवत होता, मला ते त्याच्या बोटांतून कळत होतं. एक आणि मागे. एक आणि मागे. हर्षा मोजायची थांबली. जीव केसाएवढा उरला. घंटा रुतली. शुभमने वार केला आणि घंटासूर पडला नाही. अजून कणभर बाकी होता. दुसरा वार केला असता तर तिथेच संपलं असतं, असं कुणालाही वाटलं असतं.

शुभमने अंगठा दुमडला. पूर्ण दुमडला. मी डावीकडे गेलो, तो माझ्यासोबत आला आणि घंटा आमच्या कानाजवळून गेली. मग थांब. मग उडी. मग एक वार.

घंटासूर पडला. माणिकबाई उठून जवळ आल्या.

"मेला का तो?"

"हाव."

"तुले लागलं का?"

"एकबी नाई," शुभम म्हणाला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

माणिकबाईंनी त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठा हळूहळू वाकवला. तो वाकत गेला आणि तळहाताला टेकला. त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

हर्षाने मोबाइल उभा केला होता, पण शूटिंग सुरू करायचं विसरली होती. गजेंद्रभाऊंची चौकट तर केव्हाच कव्हरांच्या मागे गेली. तेव्हा पुरावा मागाल तर शुभमचा अंगठा तेवढा आहे. डॉक्टरांनी तो दुसऱ्या दिवशी चार वेळा वाकवून पाहिला.

त्या संध्याकाळी शुभम बगीच्यातून परत आला, हात धुतले आणि मला फडक्याने पुसायला बसला. डाव्या खुंटीपाशी त्याचा हात थांबला. "लय जोरात आपटलं होतं ना मी तुले," तो म्हणाला. चार वर्षं मी हे ऐकायला थांबलो होतो, आणि ऐकलं तेव्हा मला एकदम कसंसंच झालं.

आता हर्षा मला दुरुस्तीला अकोल्याला नेणार म्हणते. मला जायचंही आहे आणि नाहीही. खुंटी सरळ झाल्यावर मी कुणाच्या उपयोगी पडेन, या विचाराने जीव खाली-वर होतो. पण मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल, वस्तू असो की माणूस, तर राग त्याच्यावर काढू नका. आणि स्वतःला काही लागलं असेल तर चार दिवस अंगावर काढू नका, वाऱ्याचं नाव पुढे करू नका. ज्याच्याजवळ तोंड आहे त्याने वेळेवर सांगावं. मला ते नव्हतं, म्हणून मी नुसता डावीकडे सरकत राहिलो.