डावीकडचं धुराडं

आधुनिक वास्तुकलेचा उगम शिकायला मी परदेशात आले, त्याला एक फोटो कारणीभूत आहे. बाबा नकाशे काढायच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. लग्नाआधी त्यांनी कुठल्याशा मासिकातून तो कापून घेतला होता. सपाट छपराचं पांढरं घर, समोरच्या भिंतीत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब खिडकी, आणि डाव्या अंगाला धुराडं. खाली एक ओळ होती: घर दक्षिणमुखी आहे. एवढ्या भांडवलावर बाबांनी आमचं घर उठवलं. धुराडं डावीकडे म्हणजे स्वयंपाकघर डावीकडे, आणि दक्षिणमुखी घराच्या समोर उभं राहिलं की डावीकडे येते पश्चिम.

म्हणून आईने जन्मभर मावळतीच्या उन्हात स्वयंपाक केला. "आमचे इंजिनियरसाहेब," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "घर झकास बांधलंय. बायकोला भाजायची सोयसुद्धा आतच."

बाबा म्हणायचे, "चुकलंच माझं." त्यापुढे एक शब्द नाही.

दोन महिन्यांपूर्वी ते गेले. मी विमानाने गेले, विमानाने आले, आणि मधल्या काळात माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लोक म्हणाले, पोरगी धीराची आहे. धीर कसला, नुसतं लाकूड झालं होतं माझं. बाबांशी उभ्या जन्मात न बोललेले एक काका त्यांचे गोडवे गाऊ लागले, तेव्हा आई माझ्या कानाशी "मेल्या म्हशीला मणभर दूध" म्हणाली. तीही रडली नाही. परत आल्यावर माझे तास, वाचनालय, भांडी घासणं सगळं नेमाने चालू राहिलं. झोपही लागायची. त्याची लाज वाटायची, पण तीसुद्धा बेताचीच.

मग दादाचा फोन आला.

"आई म्हणते, ओटा पूर्वेच्या खोलीत हलवायचा. मधली भिंत पाडावी लागेल, धुराडंही जाईल. गवंडी सोमवारी येतोय. इतकी वर्षं सोसलं आणि आताच काय घेतलंय डोक्यात, देव जाणे. तुझ्या हो-शिवाय हात लावायचा नाही म्हणते. तू शिकलेली ना."

"बघते."

"तू नेहमी बघतेच म्हणतेस."

बाबांनी स्वतःच्या मनाने बांधलेलं तेवढं एकच घर. हो म्हटलं तर ते मोडणार, नाही म्हटलं तर आई भाजणार. दोन्हीचं मला काहीच वाटत नव्हतं. माझी मलाच भीती वाटली ती तेव्हा.

शुक्रवारी आमचा वर्ग फोटोतलं ते घर पाहायला गेला. मूळ घर, आता त्याचं संग्रहालय झालंय. आत सोडण्याआधी आमच्या बाईंनी सगळ्यांना समोरच्या हिरवळीवर बसवलं आणि रेखाटन करायला सांगितलं. माझा हात भराभर चालला. ते घर मला तोंडपाठ होतं, वर बघायचीही फारशी गरज नव्हती.

बाई माझ्या मागे येऊन थांबल्या. "रेषा छान आहेत," त्या म्हणाल्या. "पण उलटं का काढलंस?"

मी वर पाहिलं. धुराडं उजवीकडे होतं.

आधी वाटलं, मी घराच्या मागच्या बाजूला बसलेय. पण दार समोर होतं, लांब खिडकी समोर होती, दुपारचं ऊन माझ्या पाठीवर होतं. मी बाईंना फोटोचं सांगितलं. त्या हसल्या. "छापखान्यात निगेटिव्ह पालथी लागली असणार. जुन्या मासिकांत पुष्कळदा व्हायचं."

आत स्वयंपाकघर पूर्वेला होतं. सकाळचं ऊन येऊन गेलेलं, आणि खोली छान गार. मी ओट्यावर तळहात टेकला. रखवालदाराने तो काढायला लावला.

बाहेर येऊन मी आईला फोन केला. "आई, बाबांचं चुकलं नव्हतं. फोटोच उलटा छापलेला होता. इथलं स्वयंपाकघर उगवतीलाच आहे. तू खुशाल हलव ओटा."

"चुकलं नव्हतं, तर 'चुकलंच माझं' कशाला म्हणायचे?"

"त्यांना तरी कुठे माहीत होतं?"

"कचेरीतून आले की कप घेऊन ओट्यापाशीच उभे राहायचे," ती म्हणाली. "खिडकीला पाठ लावून. मी म्हणायचे, वाटेत कडमडू नका, बाहेर जाऊन बसा. पण ढिम्म हलायचे नाहीत. माझं होईस्तोवर तिथेच. आता दोन महिने झाले, ऊन थेट तोंडावर येतंय बघ. आधी एवढं नव्हतं येत. म्हणून तर ओटा हलवायचं काढलं."

आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर कळलं असावं.

"दादाला सांग," ती म्हणाली, "गवंडी नको म्हणावं. राहू दे ओटा तिथेच."

"हो," मी म्हणाले, आणि तेवढ्या एका शब्दातच माझा आवाज फुटला. त्या हिरवळीवर, सगळ्या वर्गादेखत, मी बाबांसाठी पहिल्यांदा रडले.