भाऊजींनी खिशात घातलेलं हसू

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्युऑन मोजतात. हा इवलासा कण चुंबकाच्या मोठ्या कड्यात भोवऱ्यासारखा डुलतो. डुलण्याचा वेग मोजला की त्याचं चुंबकत्व कळतं. ते जुन्या सिद्धांतापासून जरा तरी वेगळं निघावं आणि आपलं नाव व्हावं, एवढ्यासाठी भाऊजींनी उभं आयुष्य घातलं.

मनासारखं उत्तर कुणी काढू नये म्हणून तिथे मोजणीचं घड्याळच मुद्दाम थोडं पुढे पळणारं किंवा मागे पडणारं करून ठेवतात. किती चुकवलंय ते गटाबाहेरच्या एकालाच माहीत असतं. यंदा ती मी. शेजारच्या विभागात मी घड्याळंच जुळवते. मेहुणी कशी चालली म्हणाल, तर आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य अख्ख्या संस्थेला ठाऊक आहे. ही बाई त्यांना आकडा काय, पाणीसुद्धा देणार नाही, याची सगळ्यांना खात्री.

एकदा बहिणीकडे जेवताना भाऊजी मधाळ आवाजात म्हणाले, "ताई, सहज विचारतो हं, घड्याळ पुढेच केलंय ना?" मला फिस्सकन हसू आलं. कारण स्वारीने रुमाल समजून टेबलक्लॉथचं टोक गळ्याशी खोचलं होतं. माणूस अब्जांश मोजतो आणि रुमाल ओळखत नाही.

भाऊजींनी ते हसू खिशात घातलं. घड्याळ दरवेळेइतकंच पुढे आहे असं धरून गुपचूप हिशेब केला, तर उत्तर सिद्धांताला चिकटलेलं. मग त्यांना दुपारच्या मोजण्या खटकायला लागल्या. दुपारी म्हणे दालन तापतं. इतकी वर्षं बरं तापत नव्हतं. त्या सगळ्या मोजण्या काढल्या, तसं उत्तर सिद्धांतापासून हवं तेवढं सरकलं, आणि त्यांनी ते गोठवलं. गोठवल्यावर बदल नाही, हा नियमही त्यांचाच.

ठरल्या दिवशी भरल्या सभागृहात मी आकडा सांगितला. घड्याळ मागे होतं. पडद्यावर उत्तर उमटलं, जुन्या सिद्धांताशी तंतोतंत जुळणारं. बेताच्या टाळ्या पडल्या.

मग गटातल्या एका आगाऊ सहकाऱ्याने काढलेल्या दुपारच्या मोजण्या परत घालून पाहिल्या. आकडा सिद्धांत सोडून लांब सरकला, भाऊजींना आयुष्यभर हवा होता तिथे. पण उत्तर बघून मोजण्या परत घेणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार?

भाऊजी माझ्यापाशी आले. चेहरा पांढराफटक. "ताई, त्या दिवशी तुम्ही हसलात."

"तुम्ही टेबलक्लॉथ खोचला होतात, भाऊजी."

त्यांचा हात नकळत गळ्याशी गेला.