टेंपरवारी डॉक्टरीण

“पिशवी काढायची न्हाई? आन् हे सांगणार कोण, तर टेंपरवारी डॉक्टरीण!” भिवराबाईने सरकारी दवाखान्यातच तोंड सोडलं. “आज हाय, उद्या न्हाई. मंग सून दुखण्यानं लोळली की आमी इचारायचं कुणाला?”

सून शिवकन्या मान खाली घालून बसली होती. ऊसतोडीची गाडी दारात लागायच्या आत पोटातलं दुखणं मिटवायचं होतं. खासगी डॉक्टरने गर्भपिशवीच काढून टाका म्हणून सांगितलेलं. वस्तीतल्या कितीतरी बायांची काढली होती, खुद्द भिवराबाईचीसुद्धा. शिवकन्येला मात्र अजून एक लेकरू हवं होतं, पण सासूपुढं तसं बोलायची छाती कुणाची?

करारावर आलेली तेजश्री मॅडम तशी पोरसवदाच. पण ती रागावली नाही. खुर्ची सोडून भिवराबाईशेजारी बाकावर येऊन बसली.

“मावशी, तुमची काढल्यावर दुखणं गेलं का?”

 असलं काही भिवराबाईला उभ्या जन्मात कुणी विचारलं नव्हतं, नवऱ्यानेसुद्धा नाही.

“न्हाई गेलं,” ती हळूच म्हणाली. “वर हाडं खिळखिळी झाली. मोळी उचलली की डोळ्यापुढं अंधारी येती.”

“मग हिची काढायची घाई कशाला? तपासण्या झाल्यात, वाईट काही नाही. आतून सूज आहे, ती औषधाने जाईल. तोडीवरून मला फोन करायचा.”

आणि बाई बोलल्याला जागली हो! फडातून फोन केला तरी उचलायची, गोळी चुकली की चांगली खडसावायची. कायमची माणसं तरी एवढं कुठं करतात! शिवकन्येचं दुखणं पार गेलं.

उन्हाळ्यात गावी परतल्यावर भिवराबाई गुऱ्हाळावरून आणलेली गुळाची ढेप घेऊन दवाखान्यात गेली. सोबत दिवस गेलेली शिवकन्या आणि शेजारची तरणी सुंदरबाई. पाहते तो खुर्चीत कुणी नवाच पोरगा डॉक्टर. मॅडमचा करार संपला होता. भिवराबाईला भडभडून आलं. तिने पदराने डोळे पुसले.

“तुमी बी टेंपरवारीच का?”

“हो, आजी,” तो ओशाळून म्हणाला.

“असू द्या.” तिने ढेप टेबलावर ठेवली आणि सुंदरबाईला पुढं ढकललं. “हिची पिशवी काढायला सांगितलीया. आदी तुमी बगा. आमच्या टायमाला टेंपरवारी बी कुणी न्हवतं.”