दुहेरी फळ्यांचं खुराडं

या, असे जवळ सरकून बसा. पाय पसरा, पाठ टेका, पण कान इकडे असू द्या. आज गोष्ट आहे एका खुराड्याची. हसू नका हो! राजाराण्यांच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्यात तुम्ही. देवानं कोंबडीच्या घरातही माणसाला पुरेल एवढं सांगून ठेवलंय, ते तेवढं ऐकून मग उठा.

एक सुतार होता आणि त्याची सुतारीण. लेक लग्न होऊन लांब गेलेली, घरात ही दोघंच. सुताराचा हात असा होता की त्यानं बसवलेल्या चौकटीला पुन्हा कुणी पाचर मारली नाही. पण एका सकाळी रंधा मारता मारता तो मटकन खाली बसला आणि त्याला उठवलं तेव्हा उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता. तोंड जरा वाकडं झालं होतं ते महिन्याभरात सरळ झालं. हात मात्र गेला तो गेलाच. टाचणी टोचली तरी कळत नव्हतं.

त्याच्या आदल्याच महिन्यात त्यानं परसात कोंबड्यांसाठी घर बांधलं होतं. शेवटचं काम ते. थंडी लागू नये म्हणून भिंतींना दुहेरी फळ्या, मध्ये बोटभर पोकळी. फळीत फळी अशी बसवलेली की नख शिरू नये. लोखंडाचा खिळा एक नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. खाली बुटकं दार, वर वीतभर खिडकी. शेजारची लोहारीण ते बघून म्हणाली होती, "भावजी, यात मलाच ठेवा की! आमच्या छपरातून मी आभाळ बघत पडते."

"अंडी देशील का रोज?" सुतार म्हणाला होता.

"देईन, पण आरवणार नाही. आमच्या घरी त्याला एकजण आहे."

हात गेल्यापासून सुतार रोज स्टूल ओढत परसात यायचा आणि त्या घराकडे बघत बसायचा. सुतारीण मनात ओळखून होती. या माणसाला उभं धरून ठेवणारी एवढी एकच वस्तू उरली आहे. आणि घरातली चूल पेटती ठेवणाऱ्या अकरा कोंबड्या नि एक कोंबडा, तेही त्याच वस्तूत राहत होते.

पावसाची झड लागून आठ दिवस झाले होते. परसात घोट्याएवढा चिखल. संध्याकाळ झाली, उजेड मावळायला लागला, तरी कोंबड्या घरात जाईनात. कुणी सरपणाच्या ढिगावर, कुणी मोडक्या गाडीच्या चाकावर, पावसात भिजत, मान आत ओढून बसलेल्या.

"ढकल त्यांना आत!" सुतार दारातून ओरडला.

"ढकलतेय हो! चौथी धरतेय ही."

"माजल्यात. कोरडं घर दिलं तर यांना चिखल गोड लागतो."

"महिन्यापूर्वी आपणहून जायच्या हो. काहीतरी असेल."

"काय असेल? घरात काय असेल? बोल ना!"

सुतारणीनं एकेक कोंबडी काखेत धरून दारातून आत लोटली आणि कडी लावली. आतून बराच वेळ फडफड ऐकू येत राहिली. घरात येऊन तिनं हात धुतले, तरी कोपरापर्यंत खाज सुटत होती. चिखलाची असेल, तिला वाटलं.

मग कोंबड्यांचे तुरे उतरले. लालभडक होते ते आधी गुलाबी झाले, मग मेणासारखे फिके. उचलून बघितलं तर अंगात वजन नाही, छातीचं हाड सुरीसारखं हाताला लागायचं. अंडी निम्म्यावर आली. लोहारणीची शेळी बघायला जनावरांचा डॉक्टर आला होता, त्याला सुतारीण हाताला धरूनच घेऊन आली. त्यानं परसातली विष्ठा काडीनं उलटून पाहिली.

"जंत झालेत. हे बघा, दोऱ्यासारखे. पाण्यातून औषध देतो. ती अंडी मी सांगेपर्यंत खाऊ नका, विकू नका. आणि या चिखलात सोडू नका त्यांना. इथूनच पुन्हा पुन्हा पोटात जातात. कोरड्यात ठेवा काही दिवस."

"कोरडं म्हणजे केवढं कोरडं!" सुतारानं डावा हात खुराड्याकडे केला. डॉक्टरानं छत्री सावरत चार पावलांवरूनच बघितलं. "वा! असं घर माणसाला मिळत नाही हो," म्हणाला आणि शेळीकडे गेला. दार उघडून त्यानं डोकं आत घातलं नाही. घातलं असतं तर ही गोष्ट सांगावी लागली नसती.

औषध खरं होतं. जंत पडले, सुतारणीनं डोळ्यांनी बघितले. कोंबड्यांना तिनं डॉक्टरानं सांगितल्याबरहुकूम कोंडलं. दिवसा कोंडलं, रात्री कोंडलं, भुसा बदलला, दाणा आत दिला. आणि पाचव्या दिवशी एक मेली. सातव्या दिवशी दोन. जेवढी काळजी घ्यावी तेवढं मरण घाई करू लागलं.

सुतारीण तिसरी कोंबडी गाडून आली तेव्हा लोहारीण म्हणाली, "वहिनी, हाताला काय झालं गं तुझ्या? किती ओरबाडलंस."

"खाजतंय. कोंबड्या धरल्या की जास्तच."

"मग कोंबड्यांना किती खाजत असेल?"

तेवढ्यानं सुतारीण चपापली. दुसऱ्या दिवशी पहाटे, नवरा उठायच्या आत, ती जुनं पांढरं फडकं घेऊन खुराड्यात शिरली. कोंबड्या ज्या दांडीवर बसत त्या दांडीवरून तिनं फडकं ओढलं आणि दारातल्या उजेडात धरलं. फडक्यावर रक्ताचे फराटे. कोंबड्यांना जखम कुठंच नव्हती. तिनं दांडी खोबणीतून उपसली. खोबणीत राखेसारखी गुठळी दिसली. काडी लावताच ती फुटली आणि चारी दिशांना पळाली. मोहरीहून बारीक तांबडे किडे. अंधारात बाहेर यायचं, रक्त पिऊन टम्म व्हायचं आणि उजाडलं की फळ्यांच्या मधल्या पोकळीत जाऊन झोपायचं. कोंडलेल्या घरात तर दिवसाही अंधारच. तिनंच तर त्यांच्यापुढं जेवण वाढून ठेवलं होतं.

दुपारी नवरा झोपला की ती दांड्यांवर कढत पाणी ओती, राख चोळी, फटींत रॉकेलचा बोळा फिरवी. वरचे मरत. मधले तिला ऐकतही नव्हते.

"सांग की भावजींना," लोहारीण म्हणाली. "फळ्या उचकटल्याशिवाय नाही जायचं हे."

"काय सांगू? तुमच्या हातचं शेवटचं काम कोंबड्यांचं रक्त पितंय, असं सांगू?"

"अगं, पण नवऱ्याला जपायचं की कोंबड्यांना, एक काहीतरी ठरव."

"दोन्ही जपते मी."

"दोन्ही जातील," लोहारीण म्हणाली आणि तिला आपलंच बोलणं लागलं. ती सुतारणीबरोबर दांड्या घासायला बसली.

त्याच आठवड्यात आणखी दोन कोंबड्या गेल्या, आणि मग कोंबडा गेला. त्याचं आरवणं थांबलं हे सुताराला घरातूनच कळलं.

"कोंबड्याला काय झालं?"

सुतारणीच्या तोंडून निघून गेलं, "मांजरानं धरला."

"मांजर? माझ्या घरात मांजर?" सुतार अंथरुणावर ताठ उठून बसला. कितीतरी दिवसांनी त्याच्या आवाजात असा जोर आला होता. "शिरलं कुठून?"

आता तिला काहीतरी सांगणं भाग होतं. "खिडकीतून असेल."

"हातोडी आण. ती सागाची फळी आण, कोपऱ्यातली."

तो स्टुलावर बसून सांगत होता आणि ती खिडकीवर फळी ठोकत होती. "डावीकडे घे. अजून. हां, मार आता. घाबरतेस काय, लाकूड आहे, रडणार नाही." प्रत्येक घावाला आत कोंबड्या दचकत होत्या. सांगावं, आत्ता सांगावं, असं तिच्या जिभेवर येई. आणि नवऱ्याच्या तोंडावरचं समाधान बघून ती पुढचा खिळा ठोके. शेवटचा उजेड आणि शेवटचा वारा तिनं स्वतःच्या हातानं बंद केला. "आता बघू कुठलं मांजर शिरतं," सुतार म्हणाला आणि त्या दिवशी तो पोटभर जेवला. तिनं आपलं ताट झाकून ठेवलं.

त्या घरात कोपऱ्यातल्या टोपलीत एक काळी कोंबडी खुडूक बसली होती. नऊ अंडी पोटाखाली. बाकीच्या दाराशी धडका मारत, दार उघडलं की बाहेर पडायला बघत. ही जागची हलत नव्हती. सुतारणीनं तिला उचलून राखेत घोळवलं, बाहेर कोरड्यात दुसऱ्या टोपलीत अंड्यांसकट बसवून पाहिलं. पाठ वळली की ती अंडी सोडून जुन्या कोपऱ्याकडे पळे आणि रिकाम्या टोपलीत पंख पसरून बसे. हात टेकून सुतारणीनं अंडी परत तिच्या खाली नेऊन ठेवली.

चौथ्या सकाळी दार उघडलं तेव्हा काळी तशीच बसलेली होती. पंख पसरलेले, मान अंड्यांवर टेकलेली. सुतारणीनं हात लावला. ती लाकडासारखी ताठ होती आणि तिच्याखालची अंडी थंड होती.

"आण इकडे," मागून आवाज आला. सुतार दाराशी उभा होता. चिखलातून एकटाच, भिंत धरत आला होता. "खिडकी तर बंद होती. बघू दे मांजरानं कुठं धरलंय."

तो स्टुलावर बसला. सुतारणीनं काळी त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं मेलेला उजवा हात डाव्यानं उचलून तिच्या अंगाखाली सरकवला, आधाराला, आणि डाव्या हातानं पिसं उलटून बघू लागला. "दात नाही. नखं नाही. रक्ताचा टिपूस नाही. मग मेली कशानं ही?"

सुतारीण त्याच्या उजव्या हाताकडे बघत होती. मेलेल्या कोंबडीचं अंग सोडून ते तांबडे किडे ऊब शोधत निघाले होते. त्याच्या बोटांवरून, मनगटावरून, कोपराकडे रांगाच्या रांगा चढत होत्या. आणि त्याला काहीच कळत नव्हतं.

"अहो," ती म्हणाली. "तुमच्या हातावर बघा."

त्यानं बघितलं. झटकलं नाही, ओरडला नाही.

"किती दिवस झाले?"

"पंधरा."

"आणि मांजर?"

"मांजर नव्हतं."

तिनं त्याचा हात कढत पाण्यानं धुतला, राखेनं घासला. मग तो म्हणाला, "पटाशी आण माझी. मागच्या भिंतीत खालून तिसरी खुंटी आहे. ती आधी निघते. वरची ओढू नकोस, फळी फुटेल."

फळी फुटू नये याची काळजी त्याला तेव्हाही होती. ती पटाशी लावत गेली, तो सांगत गेला, आणि आतली फळी सुटून हातात आली. मधली पोकळी त्यानं थंडीसाठी सोडलेली. ती तळापासून वरपर्यंत भरली होती. राखाडी, दमट, आणि सगळी हलणारी.

सुतारानं एकदा डोळे मिटले. "चांगलं बांधलं होतं मी," तो म्हणाला. "फार चांगलं बांधलं."

"हो."

"उरलेल्या कोंबड्या बाहेर काढ. रॉकेल आण. काडेपेटी आण."

एका हातानं काडी ओढता येत नाही. तिनं पेटी धरली, त्यानं काडी ओढली. पहिली विझली, दुसरी विझली, तिसरी धरली. ओलं लाकूड आधी नुसतं धुमसलं. मग पोकळीतून वारा घुसला आणि दुहेरी भिंत आतून पेटली. लोहारीण कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

पाच कोंबड्या उरल्या. डॉक्टरानं दिलेली भुकटी अंगाला चोळून त्या लोहाराच्या छपरात ठेवल्या. सुतार आठ दिवस परसात आला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राही. विचारलं तर म्हणे, "तू बघ. तुला कळतंय."

सुतारणीनं उंच, कोरड्या जागी चार बांबू उभे केले आणि एकेरी फळ्या ठोकल्या. पुढची बाजू जाळीची, उघडी. दांड्या नुसत्या ठेवलेल्या, आठवड्याला काढून घासता याव्यात अशा. चारी पायांना लोहारणीनं जुन्या तेलाचे डबे लावून दिले, खालून काही चढू नये म्हणून. खिळे वाकडे गेले होते, छप्पर एका बाजूला कललेलं.

नवव्या संध्याकाळी स्टुलाचे पाय जमिनीवरून ओढल्याचा आवाज आला. सुतार येऊन बसला. त्यानं वरपासून खालपर्यंत ते बांधकाम बघितलं.

"डाव्या बाजूनं दोन बोटं उतरलंय."

"उतरलंय."

"ती फळी उलटी लावलीस. पाणी आत येईल."

"उद्या काढते."

कोंबड्या फळीच्या उताराशी येऊन थांबल्या. एक मान लांब करून आत बघू लागली, मागं हटली, परत पुढं आली. कुणी ढकललं नाही. मग ती चढली. तिच्यामागे दुसरी, मग उरलेल्या तिघी, आपापसांत कुरकुर करत, धक्के देत. दांडीवर एकीला एक खेटून त्या बसल्या आणि गप्प झाल्या.

सुतारीण दार लावायला उठली.

"थांब जरा," सुतार म्हणाला. "बसू दे त्यांना निवांत. घाई काय आहे?"

ती त्याच्याशेजारी जमिनीवरच बसली.

थंडी सरायच्या आत सुतार गेला. फळी उलटी करून घेतली होती त्यानं, स्वतः सांगून. सुतारीण अजून आहे. दर आठवड्याला दांड्या काढते, घासते, फडकं ओढून उजेडात धरते, आणि ते पांढरं निघालं की देवाचं नाव घेते.

तर बाबांनो, उठायचं तर उठा आता. घरी जाल तेव्हा एवढं करा. तुमचं एखादं दार जर आवाज न करता मिटत असेल, तर ते ज्यानं कुणी बसवलं त्याला क्षणभर आठवा; आणि त्याच्याबरोबर या सुतारालाही आठवा.