हात मागे होते

मालिस माझी बायको. भिंतीवर चित्रं काढायचं काम तिच्याकडे बापाकडून आलं आणि भिंतीला चुना-गिलावा करायचं माझ्याकडे माझ्या बापाकडून. आम्ही दोघांनी मिळून नॉम पेन्हच्या पूर्वेकडच्या प्रे वेंग प्रांतातले बरेच विहार रंगवले. बुद्धाचा जन्म, माराचा पराभव, महापरिनिर्वाण, सगळ्यावर तिचा हात बसलेला. आमच्या गावचा, त्रापेआंग स्वायचा विहार तेवढा तिनं कधी रंगवला नव्हता.

तो तिच्या बापानं रंगवला होता, लढाईच्या आधी. मग अंगकारचं राज्य आलं. अंगकार म्हणजे संघटना. तिचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं, पण हुकूम तिचा चालायचा. तिनं भन्तेंची चीवरं उतरवली, विहारात खताच्या गोणी रचल्या आणि भिंतींवरची चित्रं कुदळीनं खरवडून काढायला लावली. पुढे तीस वर्षं त्या भिंती कोऱ्याच राहिल्या.

दोन हजार नऊ साली पितरांच्या पंधरवड्याआधी भिंती रंगवून घ्यायचं ठरलं, आणि ते सांगायला घरी आला तो यात नावाचा म्हातारा, गावाचा यात आजा. तो आता विहाराचा आचार्य. लग्न असो की मयत, पाठ त्याचाच. अंगात पांढराशुभ्र सदरा, आवाज मऊ, मुलाची भातगिरणी जोरात. हाच यात अंगकारच्या काळात आमच्या सामूहिक शेतीचा मुकादम होता. कोणाला किती पेज द्यायची आणि कोणाला 'शिकायला' पाठवायचं, हे तो सांगायचा. शिकायला गेलेला माणूस परत येत नसे. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्याच्याच गिरणीवर आम्ही भात सडायला न्यायचो, आणि तो समोर आला की हात जोडायचो. मीही जोडायचो.

यात आजा ओट्यावर बसून म्हणाला, मागच्या भिंतीवर नरक काढ. चोर, दारुडे, बायकोला मारणारे, सगळे कढईत तळताना दाखव. तरण्या पोरांना जरा धाक राहील.

मालिस पानाचं तबक त्याच्यापुढे सारत म्हणाली, "काढते आजा. नरकच काढते."

मी परांची बांधली, भिंत घोटून दिली. तिनं परांचीला पुढून चटया लावल्या आणि कोणी आत यायचं नाही म्हणून बजावलं. मलासुद्धा. मी बाहेर रंग खलत बसायचो. तिनं मागितलेले रंग पाहून मला पहिल्यांदा शंका आली. नरकाला तांबडा-पिवळा पुष्कळ लागतो. ही मागत होती काळा, नुसता काळा, आणि मातीचा.

तिसऱ्या आठवड्यात चुन्याचा पोपडा सुटला म्हणून तिनं मला आत बोलावलं. भिंतीवर कढया नव्हत्या, यम नव्हता. आमच्या गावामागचं तळं होतं, काठावरचं आंब्याचं झाड होतं. झाडाखाली मेज टाकून एक माणूस वही उघडून बसला होता. वय तिशीचं, गळ्यात चौकडीचा पंचा, डाव्या भुवईत खाच. यातला ओळखायला खाच पाहायची गरजच नव्हती. मेजापुढे काळ्या कपड्यांतल्या माणसांची रांग, आणि रांगेत पहिला तिचा बाप.

तो कसा गेला हे तिनं मला लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. सत्त्याहत्तर साली एका सकाळी यातनं कामावरच्या माणसांना विचारलं, चित्रं कोणाला काढता येतात? अंगकारला पाट्या रंगवायच्या आहेत. तिच्या बापाला वाटलं, पाट्या रंगवल्या तर लेकीला वाटीभर पेज जास्त मिळेल. त्यानं हात वर केला. मालिस तेव्हा नऊ वर्षांची होती. ती त्याच्यामागून चालू लागली, तेव्हा यातनं तिला हसून सांगितलं, बाप शिकायला चाललाय, पोरी, जा, शेण गोळा कर. पुढचं तिला ठाऊक नव्हतं. पुढचं तिनं मनानं काढलं होतं. बापाचे हात तिनं पोटाशी, पुढे बांधलेले दाखवले होते.

मी पोपडा खरवडत होतो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हात मागे होते."

तिचा कुंचला थांबला. "तुम्हाला काय ठाऊक?"

खोटं बोलता आलं असतं. सगळ्यांचेच मागे बांधायचे म्हणून वाटलं, असं म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. पण समोर भिंतीवर तिचा बाप उभा होता. मी परांचीवर खाली बसलो आणि बत्तीस वर्षं गिळलेलं बोललो. मी तेव्हा सतरा वर्षांचा. आम्हा चौघांना तळ्यामागे खड्डा खणायला लावला होता. खताचा आहे म्हणाले. दुपारी माणसं आणली, तेव्हा कळलं. त्यांतला एक रंगारी, आमच्या विहारातला. त्याचे हात मागे, कोपराच्या वर करकचून बांधले होते, खांदे मागे ओढले गेले होते. त्यानं आमच्याकडे पाहिलं. अंगकारच्या माणसांनी आम्हाला सांगितलं, बाजूला व्हा. आम्ही झालो. मग सांगितलं, माती लोटा. आम्ही लोटली.

तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. तिचा आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं.

"वीस वर्षं तू माझ्या हातचं जेवलास," ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती मला अरे-तुरे करत होती. "दर वर्षी पितरांच्या पंधरवड्याला मी त्याच्या नावानं भाताचे गोळे टाकत होते, कुठे टाकायचे कळत नव्हतं म्हणून चारी दिशांना टाकत होते. आणि तू शेजारी परात धरून उभा होतास. जागा तुला ठाऊक होती."

मी म्हणालो, तू मला सोडून जाशील म्हणून बोललो नाही.

"उठ, पोपडा नीट कर. ओल धरतोय."

त्या दिवसापासून ती मावशीकडे झोपायला गेली. चौथ्या दिवशी तिनं मला पुन्हा आत बोलावलं. हात मागे गेले होते, खांदे तसेच ओढलेले. आणि तळ्याच्या पलीकडे चार पोरगे उभे होते, हातात कुदळी. तिघांना तोंडं नव्हती, कारण ते कोण हे मी तिला सांगितलं नव्हतं. चौथा मी होतो.

मी म्हणालो, मला काढू नकोस.

"तो यातही हेच म्हणेल," ती म्हणाली. "तिघांची नावं सांग."

मी सांगितली. दोघं मेलेत, एक थायलंडच्या सीमेकडे असतो.

पंधरवड्याच्या आदल्या दिवशी तिनं चटया काढल्या. सकाळची वेळ, बायका भात घेऊन आलेल्या. त्या भिंतीजवळ सरकल्या. मग एकीनं रांगेतल्या माणसाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि तिथंच खाली बसली. यात आजा मागून आला, माणसं बाजूला झाली, तो भिंतीपुढे उभा राहिला. मला वाटलं ओरडेल. तो हसला आणि म्हणाला, पोरीचा हात चांगला आहे, पण तिला कोणीतरी भलतंच सांगितलंय. मग कोणी विचारलं नसताना म्हणाला, "मी फक्त नावं वाचायचो. नावं वरून यायची."

फोन नावाची आजी तिथं होती. ऐंशीची बाई, दोन लेक गेलेले, कधी मोठ्यानं न बोललेली. ती म्हणाली, "वरच्यांना माझ्या थोरल्याचं नाव कुठून ठाऊक रे, यात? तो तर गावाबाहेर कधी गेला नव्हता. वर कोणी कळवलं?"

यात आजा वळला. काठी टेकत निघून गेला.

दुपारी भन्तेंनी मला बोलावलं. तरुण आहेत, लढाईनंतर जन्मलेले, दुसऱ्या जिल्ह्यातले. भले आहेत. म्हणाले, यात आचार्यांच्या घरच्यांनी छपराला मदत केली आहे, गावात फूट पडेल, राग धरल्यानं धरणाराच जळतो. चुना तुमच्याकडेच आहे. सध्या एक हात मारून ठेवा, पुढचं पुढे पाहू.

मी आयुष्यात कधी कोणाला नाही म्हटलेलं नाही.

"भन्ते, मला एकदा बाजूला हो म्हणाले, मी झालो," मी म्हणालो. "माती लोट म्हणाले, लोटली. आता तुम्ही चुना लाव म्हणताय. तीच माणसं आहेत ती. मी त्यांना दुसऱ्यांदा नाही पुरणार."

भन्तेंनी चीवर सावरलं आणि उठून भिंतीकडे पाहायला गेले. सकाळी ते तिकडे फिरकलेच नव्हते.

यातच्या मुलानं संध्याकाळी गिरणीवरचे दोन गडी चुन्याच्या बादल्या देऊन पाठवले. भिंतीपुढे फोन आजी आणि दहा-बारा बाया जेवणाचे डबे उघडून बसल्या होत्या. गड्यांतला एक आजीचाच पुतण्या. ती म्हणाली, ये, बस, जेव. त्यानं बादली खाली ठेवली आणि बसला.

यात आजाला काही झालं नाही. नॉम पेन्हला खटला चालला होता तो वरच्यांवर. खालच्यांना कोणी विचारत नव्हतं. तो विहारात येईनासा झाला, इतकंच. गिरणी चालू आहे. त्याला रस्त्यानं जाताना पाहिलं की अजून माझ्या तोंडात शिवी येते, आणि लगेच आठवतं की मीही त्याच भिंतीवर आहे.

मालिस घरी आली, पण मला माफ केलं म्हणून नव्हे. मावशीकडे जागा नव्हती. तिनं तसं सांगितलंच. काम मात्र संपेना. आजूबाजूच्या गावांतून माणसं येऊ लागली. कोणाकडे लग्नातला फोटो, कोणाकडे तोही नाही, नुसतं सांगणं: कान मोठे होते, हसताना मान वाकडी करायचा. मालिस त्यांना रांगेत उभं करते. रांग कोपऱ्यावरून वळून बुद्धजन्मासाठी राखलेल्या भिंतीवर आली आहे, आणि भन्ते काही म्हणत नाहीत. मी पुढची भिंत घोटून देतो. एखादा चेहरा पुरा झाला की ती माझ्याकडे वळते आणि विचारते, "हा होता का त्या दिवशी?"

मी जवळ जाऊन नीट बघतो. होता तर होता म्हणतो.