भंडारा उचललेला हात

मार्तंड सरांनी बेळगावात उभं आयुष्य पोरांना राज्यघटना शिकवली. सुट्ट्यांत सीमाभागातली गावं पालथी घालून एक जाडजूड इतिहासही लिहिला: कुठल्या विहिरीवर कुणाला बंदी होती, कुठल्या देवळाची पायरी कुणी अडवली, आणि ती बंदी कशी मोडली. अडवणाऱ्यांची नावंसुद्धा गाळली नाहीत. "नाव लिहायला लाजणार असाल तर इतिहास लिहू नका," असं ते वर्गात ठणकावून सांगत. बोलायला काय जातंय म्हणा.

असा हा माणूस टिळकवाडीतल्या आपल्या घरात भर दुपारी चोरासारखा बसला होता. समोर त्यांची जुनी विद्यार्थिनी तेजस्वी, आता स्वतः वकील. स्टॉपपासून उन्हातून चालत आली होती, कपाळावर घाम होता. या घराची रीत अशी, की आलेल्याच्या हातात आधी पाणी, मग बोलणं. बायको विनोदिनी बहिणीकडे निपाणीला गेली होती, पण भरलेला तांब्या सरांच्या हाताशीच होता. त्यांचा हात काही तिकडे जाईना.

दोघंही एकाच गावचे, जांबोटीच्या वाटेवरच्या कडगुंजीचे. तेजस्वीचा बाप मष्णू गेल्या वर्षी वारला. यंदा लक्ष्मीच्या यात्रेत तिची आई जयाबाई चारचौघींच्या रांगेत उभी राहिली आणि देवीची ओटी भरून आली. विधवेनं ओटी भरली म्हणून गाव पेटलं. पंच म्हणाले, माफी माग. ती म्हणाली, "देवीनं घेतली, तुम्ही कोण?" झालं. देवळात बैठक बसली आणि पंचांनी सगळ्यांना भंडारा उचलायला लावला: या घराला कुणी पाणी देणार नाही, सामान देणार नाही, बोलणार नाही. अशी हळद मुठीत घेऊन घेतलेली शपथ मोडली तर ती घराला लागते, हे तिकडचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

त्या बैठकीत सर होते. यात्रेतला सत्कार घ्यायला, शाल पांघरून बसलेले. पंचांचे म्होरके त्यांचे थोरले भाऊ मारुतीराव, म्हणजे अण्णा. त्यांनी स्वतः शाळा सोडली, म्हशी राखल्या आणि धाकट्याला शिकवलं. अण्णांनी भंडाऱ्याचं ताट पुढे धरलं तेव्हा सरांना सगळी कलमं तोंडपाठ आठवली. सून स्वरालीचे दिवस भरत आलेत, हेही आठवलं. आणि हात मुकाट्यानं ताटात गेला.

"सर, आम्ही केस घालतोय," तेजस्वी म्हणाली. "आई सोडून साक्षीला कोण न्हाई. ती म्हणते, बैठकीत तुम्हीपण होता."

सर तांब्याकडे न बघता म्हणाले, "सत्कार झाला आणि मी लगेच निघालो गं. पुढचं मला काही माहीत नाही."

पोरगी आता उलटतपासणी घेणार, असं त्यांना वाटलं. घेतली असती तर बरं झालं असतं. पण तिचा चेहरा उजळला. "मी आईला तेच म्हटलं. सर असते तर ताट उलथून आले असते. लई भांडले मी तिच्याशी." एवढं म्हणून ती वाकून पाया पडली.

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जयाबाई खरं बोलत होती. तिला एकच भरवशाचं माणूस उरलं होतं, पोटची पोर, आणि तिच्यासमोरच त्यांनी आईला खोटं पाडलं होतं.

व्हरांड्यात चप्पल घालता घालता तेजस्वीनं आईला फोन लावला. काखेत फाईल होती म्हणून स्पीकर चालू केला. "आई, सर आधीच निघून गेलते. तू दुसऱ्या कुणाला तरी बघितलंस."

 पलीकडून जयाबाई म्हणाली, "पाणी दिलं काय गं तुला?"

"काय?"

"एवढ्या उन्हाचं चालत गेलीस. त्यांच्यात आल्या आल्या पाणी देत्यात. दिलं काय?"

तेजस्वीनं मागे वळून बघितलं. दारात सर उभे होते. त्यांच्यामागे टेबलावर तांब्या तसाच होता.

"न्हाई," ती हळू आवाजात म्हणाली.

"मग व्हते ते," जयाबाई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

सर आत गेले. त्यांनी तांब्यातून पेला भरला. डोळ्यांपुढे अण्णा आले, स्वराली आली. तरी पेला घेऊन ते फाटकापर्यंत गेले.

"घे बाळ," ते म्हणाले. "मी होतो तिथं. मीही भंडारा उचलला."

तेजस्वीनं पेल्याकडे बघितलं. तिचे ओठ सुकले होते.

"हे कोर्टात सांगा सर," ती म्हणाली. "मग पिते."

आणि फाटक ओढून ती स्टॉपच्या दिशेनं चालू लागली.